हातानं गुंडाळलेली ब्रशलेस मोटर: प्रोपेलर लावण्याआधी आणि लावल्यावर काय तपासायचं

मॉडेल विमानासाठी पहिली मोटर गुंडाळून झाली की हात शिवशिवतात. ईएससी (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी पुरवणारा वेग-नियंत्रक) टेबलावर असतो, बॅटरी चार्ज झालेली असते, आणि तीन वायरी जोडून थ्रॉटल द्यायला मिनिटभरही लागणार नसतं. माझी पहिली मोटर मी अशीच जोडली. ती दोनदा थरथरली, ‘टिक’ असा आवाज आला आणि जळक्या वासानं खोली भरली. स्टेटरच्या (ज्याच्या दातांवर तार गुंडाळतात त्या स्थिर लोखंडी भागाच्या) एका दाताच्या धारेवर तारेचं इनॅमल खरवडलं गेलं होतं, दुसऱ्या फेजची (मोटरच्या तीन वेगळ्या वाइंडिंगांपैकी दुसरीची) तारही तशीच एका कोपऱ्यात उघडी पडली होती, आणि लोखंडातून दोन्ही एकमेकींना भिडल्या होत्या. साध्या मल्टिमीटरनं हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं. ईएससी गेला, आणि त्याचे पैसे मोटरच्या सगळ्या सामानापेक्षा जास्त होते.

म्हणून इथे चाचण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या चाचणीला काहीच लागत नाही ती आधी, ज्यात काही जळू शकतं ती नंतर, आणि ज्यात बोट कापू शकतं ती सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच मोटर घेतो: १२ दातांचा स्टेटर, १४ चुंबकं, बाहेरची बेल फिरणारी, म्हणजे आउटरनर. स्टार जोडणी (तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र जोडलेली), केव्ही (एका व्होल्टला मोकळी मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा) साधारण १०००, तीन सेलच्या लिपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) चालणारी. ही १२-१४ ची रचना घरी मोटर बनवणाऱ्यांमध्ये रूढ झाली ती २००१ च्या सुमारास जर्मनीत. लुकास, रेट्झबाख आणि क्यूफुस या तिघांच्या आद्याक्षरांवरून तिच्या वाइंडिंगला एलआरके म्हणतात. आज बहुतेक जण त्याचाच वाटून गुंडाळलेला प्रकार वापरतात: शेजारच्या दोन दातांवर एकाच फेजचे वेढे, एकावर सुलटे आणि दुसऱ्यावर उलटे. हे सुलटं-उलटं लक्षात ठेवा, कारण नवख्यांच्या निम्म्या चुका तिथेच होतात.

टोकं जोडण्याआधी

वाइंडिंगची सहा टोकं मोकळी आहेत तोवरच पहिली तपासणी करून घ्या. एकदा स्टारचा सांधा डाग दिला (सोल्डर केला) की तिन्ही फेज एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात आणि त्यांच्यातला शॉर्ट शोधणं अशक्य होतं.

मीटर २० मेगोहमच्या रेंजवर ठेवा. एक प्रोब स्टेटरच्या उघड्या लोखंडावर. लोखंडावर रंग किंवा इपॉक्सी असेल तर थोडं खरवडून घ्या, नाहीतर ‘सगळं ठीक’ असं खोटंच उत्तर मिळेल. दुसरा प्रोब एकेका फेजच्या टोकावर. मीटरनं काहीही दाखवता कामा नये. मग फेज ते फेज, तिन्ही जोड्या. तिथेही काही दिसू नये. हे चालू असताना लाकडी काडीनं वेढे हळूच दाबून बघा, कारण काही शॉर्ट दाब आल्यावरच उघडे पडतात.

एकाच ठिकाणी तार लोखंडाला लागली असेल तर मोटर चालते, आणि तिथेच माणूस फसतो. दुसऱ्या ठिकाणी इनॅमल गेलं की थेट शॉर्ट. तालुक्याच्या गावी पंपाच्या मोटरी रिवाइंड करणारा कारागीर बॉडीला अर्थ लागलेली मोटर कधी गिऱ्हाइकाला परत देत नाही. आपणही तोच नियम पाळावा. एक जरी फेज लोखंडाला लागली असेल तर ती उलगडा, दाताच्या धारा बारीक पॉलिश पेपरनं मोडा, इपॉक्सीचा पातळ थर द्या आणि पुन्हा गुंडाळा.

बेल आणि चुंबकं

चुंबकं उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशी आलटून पालटून बसली आहेत का ते बघायला दोऱ्याला बांधलेलं एक छोटं चुंबक पुरतं. ते बेलच्या आत एकेका चुंबकासमोर न्या: एकाकडे खेचलं जाईल, पुढच्यापासून ढकललं जाईल. सलग दोन ठिकाणी सारखं वागलं तर एक चुंबक उलटं चिकटलं आहे.

बेलच्या लोखंडी कड्याला बाहेरून टाचणी लावून बघा. जेमतेम चिकटली तर चालेल. घट्ट चिकटून राहिली तर कडं फार पातळ आहे, चुंबकांचा फ्लक्स बाहेर गळतोय, आणि तेवढी ताकद वाया जाते.

चुंबक आणि दात यांच्यातली फट ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावी. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. दोन घड्यांची पट्टी दातांभोवती गुंडाळून बेल बसवा. ती अडखळत का होईना फिरली पाहिजे. पट्टी काढल्यावर कुठेही घासल्याचा आवाज नको.

चुंबक उडून येईल अशी भीती नवख्यांना वाटते. आउटरनरमध्ये केंद्रोत्सारी बळ चुंबकाला कड्यावर आणखी दाबतं, त्यामुळे ते सहसा उडत नाही. मात्र चिकटवण नीट झालं नसेल तर ते बाजूला सरकतं, किंवा अराल्डाइटचा सुटलेला कण फटीत अडकतो. नखानं प्रत्येक चुंबक ढकलून बघा. ते हललं, तर पुढे जाऊ नका.

बोटांनी केलेली चाचणी

आता टोकं जोडा, तीन वायरी बाहेर काढा, बेल बसवा. ईएससी अजून लांबच राहू दे.

तिन्ही वायरी एकमेकींना न लागता मोकळ्या ठेवून बेल बोटांनी फिरवा. दातागणिक बारीक झटके जाणवतील, पण एकूण फिरणं मोकळं हवं. आता दोन वायरींची टोकं एकत्र धरून फिरवा: बेल मधात फिरल्यासारखी जड होईल. तिन्ही जोड्या अशाच करून बघा. जडपणा सारखा लागला पाहिजे. मग तिन्ही टोकं एकत्र करा, आणखी जड.

वायरी मोकळ्या असतानाच बेल जड फिरत असेल, आणि जोरात फिरवावी तसा विरोध वाढत असेल, तर आत कुठेतरी वेढे एकमेकांत शॉर्ट झाले आहेत. हा शॉर्ट मल्टिमीटरला दिसत नाही. बोटांना मात्र तो लगेच कळतो, म्हणून ही चाचणी मला सगळ्यात जास्त आवडते.

रेझिस्टन्स: बाइकचा बल्ब आणि दोन मीटर

आपल्या मोटरचा रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आसपास असतो. साधा मीटर तिथे स्वतःच्या प्रोबचाच रेझिस्टन्स दाखवतो, म्हणून तो आकडा वापरू नका. त्याऐवजी ज्ञात करंट सोडून व्होल्टेज मोजायचं.

१२ व्होल्टची बॅटरी, तिला सिरीजमध्ये बाइकचा ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब, मग मोटरच्या कुठल्याही दोन वायरी, मग १० अँपिअरच्या रेंजवरचा मीटर, आणि परत बॅटरी. बल्ब पेटतो आणि करंट २.९ अँपिअरच्या आसपास स्थिर होतो. दुसऱ्या मीटरनं मोटरच्या त्या दोन वायरींवर, जोडणीच्या आतल्या बाजूला, मिलिव्होल्ट वाचा. समजा ३४८ आले. ०.३४८ ÷ २.९ = ०.१२ ओहम. तिन्ही जोड्या मोजा. स्वस्त मीटरवर १० अँपिअरच्या सॉकेटशेजारी किती सेकंद चालवायचं ते छापलेलं असतं, बहुधा दहाच. तेवढ्यात वाचून बॅटरी सोडवा.

तिन्ही आकड्यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक चालतो. स्टारमध्ये दोन आकडे सारखे चढे आणि एक नीट आला, तर दोन चढ्या जोड्यांत जी फेज समान आहे तिचा डाग कच्चा आहे किंवा तिचे वेढे जास्त झालेत. बहुतेकदा डागच कच्चा असतो: इनॅमल पुरतं खरवडलेलं नसतं. आकडा वहीत लिहा, शेजारी खोलीचं तापमानही लिहा. पुढे लागणार आहे.

ड्रिल मशीनवर केव्ही

आता मोटरला जनरेटर बनवायचं. मोटरचा माउंट व्हाइसमध्ये धरा, शाफ्ट ड्रिलच्या चकमध्ये, आणि फिरवा. कुठल्याही दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज मोजा.

ड्रिलच्या प्लेटवर २८०० आरपीएम लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात मोजाच. चकवर पांढऱ्या टेपची एक पट्टी लावून ऑप्टिकल टॅकोमीटरनं (उजेडाच्या लुकलुकण्यावरून फेरे मोजणाऱ्या यंत्रानं) वाचा. टॅकोमीटर स्वतः बरोबर आहे का हे बघायची सोय घरातच आहे: दोन पात्यांच्या सेटिंगवर ठेवून तो जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटकडे धरा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि टॅको ३००० दाखवतो. याच कारणानं प्रोपेलर मोजताना ट्यूबलाइट बंद ठेवायची, उन्हाच्या उजेडात मोजायचं. नाहीतर ३००० हाच आकडा चिकटून बसतो.

मीटरबद्दल थोडं थांबून सांगतो. सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते आणि ती एक दशांश व्होल्टपर्यंतच वाचते. आपल्याला दोन व्होल्टच्या आसपास बारीक फरक बघायचा आहे, तिथे हे चालत नाही. २ किंवा २० व्होल्ट एसीची रेंज असलेला मीटर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो, आणि या छंदात तो वर्षानुवर्षं कामाला येतो. दुसरं असं की २८०० आरपीएमला १४ चुंबकांची मोटर सुमारे ३२७ हर्ट्झ देते. साधे मीटर ४०० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ठीक वाचतात, म्हणून याहून वेगात फिरवून केव्ही काढू नका.

हिशेब असा: केव्ही = आरपीएम ÷ (१.३४५ × एसी व्होल्ट). २८०० आरपीएमला २.०८ व्होल्ट आले, तर केव्ही साधारण १०००. १.३४५ कुठून आला? एसीचा आकडा १.४१४ नं गुणला की लाटेचं शिखर मिळतं, आणि ईएससी त्या शिखराच्या आसपासचा भागच वापरतो, त्याची सरासरी शिखराच्या ९५ टक्के.

केव्हीपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे तिन्ही जोड्यांची तुलना. २.०८, २.०८, २.०७ आलं तर वाइंडिंग बरोबर आहे. २.०८, १.२०, १.२० आलं तर एक अख्खी फेज उलटी जोडली गेली आहे. तिची दोन टोकं अदलाबदल केली की काम झालं. एक आकडा २.०८ आणि बाकीचे दोन साधारण १.५ आणि १.७ आले तर एका फेजच्या चार दातांपैकी एकच दात उलटा गुंडाळलाय: तीनातून एक वजा झाला, फेज निम्मी उरली. रेझिस्टन्सच्या चाचणीत या दोन्ही चुका अजिबात दिसत नाहीत, कारण तार तेवढीच असते. ईएससी मात्र अशा मोटरवर अडखळतो, किंचाळतो आणि तापतो.

डेल्टा (तिन्ही फेज टोकाला टोक जोडून केलेला त्रिकोण) करणार असाल तर शेवटचा कोपरा जोडण्याआधीच ही चाचणी करा. तिन्ही फेज ओळीनं जोडा, शेवटचं टोक मोकळं ठेवा, फिरवा आणि त्या दोन मोकळ्या टोकांमध्ये मोजा. जवळपास शून्य यायला हवं. तिथे एका फेजच्या दुप्पट व्होल्टेज आलं तर एक फेज उलटी आहे, आणि तसाच कोपरा जोडला तर मोटर स्वतःलाच ब्रेक लावून तापेल. तेच वाइंडिंग स्टारऐवजी डेल्टात जोडलं की केव्ही १.७३ पट होतो आणि रेझिस्टन्स एक तृतीयांश.

पहिल्यांदा वीज

मोटर फळीवर स्क्रूनं पक्की करा. प्रोपेलर नाही. बॅटरी आणि ईएससीच्या मधे, पॉझिटिव्ह वायरीत, २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब घाला. प्लग लावताच बल्ब क्षणभर लुकलुकेल, कारण ईएससीचा कपॅसिटर भरतो, आणि विझेल. तो पेटलेलाच राहिला तर लगेच प्लग काढा. विझला तर थ्रॉटल अगदी थोडा द्या. मोटर फिरू लागली आणि बल्ब बंद किंवा मंद लालसर राहिला, तर बरं चाललंय. थरथर आणि प्रखर बल्ब म्हणजे काहीतरी चुकलंय; तरी ईएससी वाचला, कारण करंट बल्बनं अडवला.

ईएससीत ब्रेक बंद, स्टार्ट सॉफ्ट आणि टायमिंग मध्यम ठेवा. वॉटमीटर जोडताना बॅटरीकडच्या वायरी लांबवू नका, त्यातून उसळणारं व्होल्टेज ईएससीचा कपॅसिटर मारतं. लांबी हवीच असेल तर मोटरकडच्या वायरी लांबवा.

बल्ब काढून मोकळ्या मोटरचा करंट तीन व्होल्टेजला मोजा, म्हणजे ६, ८, १० व्होल्ट. हे सगळं पूर्ण थ्रॉटलला, दर वेळी चार-पाच सेकंद. १० व्होल्टला ०.७५ अँपिअर आणि ९९०० आरपीएम आले, तर मोटरवर पोचलेलं व्होल्टेज १० − (०.७५ × ०.१२) = ९.९१, आणि ९९०० ÷ ९.९१ म्हणजे पुन्हा ९९९. ड्रिलचा आकडा आणि हा आकडा जुळला की मन निर्धास्त होतं. मोकळा करंट फारच जास्त, समजा दोन अँपिअर, आला तर बेअरिंग आवळलंय, बेल घासतेय, किंवा स्टेटरच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन गेलंय.

थरथर जाणवली तर बेलवर एक केबल टाय आवळा. त्याचं डोकं हेच वजन. ते थोडं थोडं फिरवत जा आणि प्रत्येक वेळी माउंटवर बोट ठेवून बघा; सगळ्यात कमी थरथर जिथे लागेल तिथल्या बेलवर इपॉक्सीचा थेंब द्या आणि टाय काढा.

प्रोपेलर

इथून पुढे चूक झाली तर जखम होते. डोळ्यांवर चष्मा, ढगळ बाह्या आणि ओढणी बांधलेली, मुलं खोलीबाहेर. प्रोपेलरच्या पात्यांच्या रेषेत कधीही उभं राहायचं नाही, मागेच उभं राहायचं. बॅटरीचा प्लग असा ठेवा की तो काढायला हात प्रोपेलरवरून न्यावा लागणार नाही. फळी टेबलाला दोन क्लॅम्पनी बांधा. एका क्लॅम्पवर ती गरागरा फिरते.

स्लो-फ्लायर प्रकारच्या (हळू उडणाऱ्या विमानांसाठीच्या, पातळ पात्यांच्या) प्रोपेलरना वेगाची मर्यादा असते. एपीसी कंपनीच्या स्लो-फ्लायरसाठी ती ६५,००० भागिले इंचातला व्यास, म्हणजे १० इंचाला ६५०० आरपीएम. आपली मोटर तीन सेलवर त्यापुढे सहज जाते, आणि मग पाती उडतात. जाड, ‘इलेक्ट्रिक’ प्रकारचाच घ्या.

छोट्यापासून सुरुवात: ७×४ (व्यास सात इंच, पिच म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर चार इंच), मग ८×४, मग ८×६. प्रोपेलरला लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घातात वाढते. सात इंचावरून आठवर गेलात की त्याच वेगाला ती सुमारे १.७ पट होते. दर वेळी दहा सेकंद, आणि व्होल्ट, अँपिअर, आरपीएम वहीत.

८×६ वर ११.० व्होल्ट, १२ अँपिअर आले असं धरा. आत गेले १३२ वॅट. तांब्यात जळाले १२ × १२ × ०.१२ = १७ वॅट. लोखंड आणि बेअरिंगमध्ये सुमारे ९ वॅट (मोकळा करंट ११ व्होल्टला ०.८ धरून). शाफ्टवर उरले साधारण १०६, म्हणजे ८० टक्के. हातानं बनवलेल्या मोटरसाठी हे उत्तम आहे. आरपीएमही ताडून बघा: ११ − १.४४ = ९.५६ व्होल्ट, म्हणजे ९५६० च्या जवळ यायला हवेत. ९३०० आले तरी ठीक, ईएससीही थोडं खातो. ८५०० आले तर कुठेतरी गळती आहे. आधी डाग आणि कनेक्टर तपासा.

थ्रस्ट मोजायला महागडं यंत्र लागत नाही. लाकडाचा काटकोनी हात, कोपऱ्यात बेअरिंगवर झुलणारा, दोन्ही भुजा समान लांबीच्या. उभ्या भुजेवर मोटर, आडव्या भुजेचं टोक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. काटा प्रोपेलरच्या वाऱ्याच्या बाहेर हवा, नाहीतर वाराच काट्याला ढकलतो.

उष्णता

दहा सेकंदांच्या फेऱ्या नीट गेल्या की एक मिनिट पूर्ण थ्रॉटल. प्लग काढा, लगेच बल्बच्या पद्धतीनं रेझिस्टन्स पुन्हा मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. ०.१२० चा ०.१४३ झाला, म्हणजे १९ टक्के वाढ, म्हणजे वाइंडिंग सुमारे ४९ अंशांनी तापलं. खोली ३० अंशांची असेल तर वाइंडिंग ७९ वर. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खोटं वाचतो. वापरायचाच असेल तर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर वाचा.

साध्या एन ग्रेडची चुंबकं ८० अंशांपर्यंतच सुरक्षित असतात, एच १२० पर्यंत, एसएच १५० पर्यंत. भंगारातून काढलेल्या चुंबकांचा ग्रेड ठाऊक नसतो, तेव्हा ती साधीच समजा. आणि विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांच्या अंगणात चाचणी करत असाल तर वरच्या हिशेबात पंधरा अंश आधीच खर्च झाले आहेत.

चुंबकं तापून कमजोर झाली का, हे ड्रिलवर कळतं. मोटर पूर्ण थंड झाली की केव्ही पुन्हा काढा. १००० होता आणि आता १०६० आला, तर चुंबकत्व कायमचं कमी झालंय: मोटर जास्त वेगानं फिरेल, जास्त करंट खाईल आणि आणखी तापेल. प्रोपेलर एक नंबर लहान करा, किंवा एसएच ग्रेडची चुंबकं आणून बेल नव्यानं बनवा. आकडा १००० च राहिला असेल तर मोटर विमानात बसवा, पहिलं उड्डाण दोन मिनिटांचं ठेवा, उतरवून आधी बॅटरीचा प्लग काढा आणि मग स्टेटरला बोट लावून बघा. तीन सेकंद ठेवता आलं, तर बॅटरी परत जोडा.